उंबऱ्याच्या आतली धूळ

नागपूरच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. अर्चना पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या २९७ मुलांच्या रक्तातले शिसे मोजले. मुले सहा महिने ते सहा वर्षे वयाची होती. कारखान्यात जाण्याचे हे वय नाही, जुनी बॅटरी फोडण्याचेही नाही. या वयाच्या मुलांचा दिवस घरात, ओट्यावर, फार तर अंगणात जातो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे निघाले. सरासरी १८.४ होती. त्या काळी डॉक्टर १० हा आकडा धोक्याची रेषा मानत. आज जागतिक आरोग्य संघटना ५ वरच सावध व्हायला सांगते.

आकडा धक्कादायक आहेच, पण त्यामागची कारणे जास्त बोलकी आहेत. शिसे जास्त निघालेल्या मुलांच्या बाबतीत तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. घर वर्दळीच्या रस्त्याजवळ होते, गेल्या वर्षभरात घराचा जुना रंग काढला गेला होता, किंवा मुलाच्या डोळ्यांत सुरमा घातला जात होता. सुरम्याचे कारण उघड आहे. पारंपरिक सुरमा बऱ्याचदा गॅलिना नावाच्या खनिजाची, म्हणजे शिशाच्या सल्फाइडची पूड असतो. मूल डोळे चोळते आणि तोच हात तोंडात घालते. रस्ता आणि रंग या दोन कारणांना मात्र मुलाच्या पोटापर्यंत पोचायला एक वाहन लागते. ते वाहन म्हणजे घरातली धूळ.

धूळ आपल्याला नवी नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात सकाळी झाडलेली खोली दुपारी पुन्हा खरखरते, आणि गृहिणीला त्यात नवल वाटत नाही. म्हणूनच या धुळीत काय काय आहे हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. चपलांबरोबर आलेली माती, कपड्यांचे तंतू, माणसाच्या कातडीचे बारीक कण, फोडणीचा आणि उदबत्तीचा धूर, भिंतीच्या रंगाची भुकटी, रस्त्यावरचा टायरचा आणि ब्रेकचा चुरा हे सगळे त्यात एकत्र होते. त्याशिवाय घरातल्या वस्तूंमधून हळूहळू सुटणारी रसायनेही या कणांना चिकटतात. अंगणातल्या मातीत पडलेल्या विषारी द्रव्यावर ऊन, पाऊस आणि जिवाणू काम करत असतात. घरात ऊन पोचत नाही, पाऊस येत नाही. कपाटामागे, पलंगाखाली, खिडकीच्या चौकटीच्या खाचेत बसलेले रसायन तिथे वर्षानुवर्षे टिकते.

मोठ्या माणसाचा या धुळीशी संबंध बहुतांशी श्वासातून येतो. रांगणाऱ्या मुलाचा येतो तोंडातून. ते जमिनीवर हात टेकते, हात चाटते, खाली पडलेले बिस्कीट उचलून खाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ साली धोक्याचा हिशेब मांडण्यासाठी असे धरले होते की एक ते सहा वर्षांच्या मुलाच्या पोटात माती आणि धूळ मिळून रोज सुमारे १०० मिलिग्रॅम जाते. चिमूटभरही नाही. पण एखाद्या घरातल्या धुळीत दर किलोला ५०० मिलिग्रॅम शिसे असेल, तर या १०० मिलिग्रॅममधून ५० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाईल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या आहारातून येणाऱ्या शिशासाठी ठरवलेली दिवसाची मर्यादा २.२ मायक्रोग्रॅम आहे.

रस्त्याचे कारण समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकात बहुतेक काळ पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड मिसळले जाई. इंजिनातला ठोका थांबवायला ते उपयोगी पडे, आणि जळल्यावर शिशाचे अतिसूक्ष्म कण होऊन धुराड्यातून बाहेर येई. त्यातला मोठा भाग रस्त्यापासून थोड्याच अंतरावर खाली बसे. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ साली चार महानगरांत आले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर. म्हणजे नागपूरचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा शिसेयुक्त पेट्रोल बंद होऊन जेमतेम वर्ष झाले होते. देशाने घेतलेला हा निर्णय फार मोठा होता, आणि त्यानंतर शहरी मुलांच्या रक्तातले शिसे खाली आले. पण शिसे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, विरत नाही. रस्त्याकडेच्या मातीच्या वरच्या थरात ते पडून राहते, आणि ती माती वाऱ्याबरोबर आणि चपलांबरोबर घरात येतच राहते.

रंगाची गोष्ट याहून जुनी आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात, ब्रिस्बेन शहरात जॉन लॉकहार्ट गिब्सन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे शिशाच्या विषबाधेने दृष्टी अधू झालेली मुले येत. हे शिसे येते कुठून, याचा शोध घेताना ते मुलांच्या घरी गेले. क्वीन्सलँडच्या लाकडी घरांच्या व्हरांड्यांना शिशाचा पांढरा रंग दिलेला असे. कडक उन्हाने त्या रंगाची भुकटी होई, कठड्याला धरून उभ्या राहणाऱ्या मुलांच्या हाताला ती लागे, आणि नखे खाणाऱ्या, अंगठा चोखणाऱ्या मुलांच्या पोटात जाई. १९०४ साली गिब्सन यांनी हे छापून मांडले. त्यांच्यावर विश्वास ठेवायला सरकारला वेळ लागला. मुलांचा हात पोचेल अशा जागी शिशाचा रंग वापरायला क्वीन्सलँडने कायद्याने मनाई केली ती १९२२ साली. या हकिगतीतले ऊन, व्हरांडा आणि कठड्याला धरून उभे राहणारे मूल नागपूरकराला अनोळखी नाही.

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाला कायद्याची मर्यादा आली ती थेट २०१६ साली. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला नियम निघाले आणि वर्षभराने, १ नोव्हेंबर २०१७ ला, लागू झाले. रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असता कामा नये असे ते सांगतात. क्वीन्सलँडनंतर ९५ वर्षांनी! चुना किंवा साध्या डिस्टेंपरची चिंता तुलनेने कमी. खरी अडचण ऑइल पेंटची, त्यातही पिवळ्या, लाल, हिरव्या आणि नारिंगी एनॅमलची. त्यांत लेड क्रोमेटसारखी रंगद्रव्ये आणि रंग लवकर वाळावा म्हणून घातलेली शिशाची संयुगे असत. २०१७ च्या आधी दारे, खिडक्या, ग्रिल, पाळणे आणि लोखंडी कपाटे ज्या डब्यांनी रंगली, ते कुठल्याच नियमाला बांधील नव्हते. कायदा नव्या डब्याला लागू होतो, चौकटीवरच्या जुन्या थरांना नाही. महाल, इतवारी, सीताबर्डी, धंतोली या जुन्या वस्त्यांत पन्नास-साठ वर्षे जुन्या दारांवर रंगाचे किती थर चढले असतील याची कल्पना करता येते. खिडकी उघडताना-मिटताना चौकट चौकटीला घासते आणि त्या थरांची पूड खिडकीखाली पडते, बरोबर तिथे, जिथे मूल बाहेर बघायला उभे राहते.

तान्ह्या पोळ्याला नागपुरात घरोघरी मुले रंगवलेला लाकडी नंदी सजवून ओढत नेतात. आजोबांच्या लहानपणचा नंदी नातवाच्या हाती देणारी घरे अजून आहेत, आणि ती प्रथा सुंदर आहे. खेळण्यांना सुरक्षा मानके सक्तीची झाली ती २०२१ च्या १ जानेवारीपासून. त्याआधीच्या नंदीचे पोपडे निघत असतील तर तो नातवाच्या तोंडापर्यंत जाणार नाही एवढे पाहावे.

शिसे शरीरात गेल्यावर काय करते? शरीर त्याला कॅल्शियम समजते. अणूचा आकार आणि विद्युतभार जवळपास सारखा असल्याने आतड्यातली, हाडांतली आणि मज्जापेशींतली कॅल्शियमची दारे त्याला उघडतात. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो. लहान मुलात हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडे शिसे आणखी हावरेपणाने घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. हा आकडा आणि धुळीतले शिसे हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ज्या घरात ताटात लोह कमी, त्याच घरात भिंतीचे पोपडे जास्त असण्याची शक्यता असते, आणि दोन्हींचा मार त्याच मुलावर पडतो.

हा मार दिसत नाही, म्हणून तो जास्त गंभीर आहे. १९७९ साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, ती मुले बुद्धिमापनात आणि वर्गातल्या एकाग्रतेत मागे होती. त्यांतले एकही मूल आजारी म्हणून दवाखान्यात आलेले नव्हते. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते, पण हाडांत साठलेले दशकानुदशके राहते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून पुन्हा रक्तात येते. नागपुरात नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तातले शिसेही तपासले गेले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत घराच्या रंगाचे निघणारे पोपडे हे एक कारण पुन्हा समोर आले. म्हणजे घरातली धूळ जन्माआधीच बाळापर्यंत पोचू शकते.

शिशाकडून राखेकडे वळले की नागपूरचे वेगळेपण दिसते. शहराच्या उत्तरेला पंधरा किलोमीटरच्या आत दोन मोठी औष्णिक वीज केंद्रे आहेत. कोराडीचे केंद्र १९७४ पासूनचे. तिथे आज ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. खापरखेड्याला २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते, म्हणजे तीन टन कोळसा जाळला की टनभर राख उरते. धुराड्याआधी बसवलेली विद्युत यंत्रणा ती बहुतेक सगळी पकडते. पकडलेली राख पाण्यात कालवून नळांतून राख तलावात सोडतात, नाहीतर ट्रकने सिमेंट आणि विटांच्या कारखान्यांकडे जाते. खसाळा, वारेगाव, नांदगाव ही नावे या राखेमुळे बातम्यांत आली.

उन्हाळ्यात तलावाचा वरचा थर वाळला आणि वारा सुटला की राख उडते. नेमके तेच दिवस वाळवणाचे असतात. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे पसरलेले आणि त्यावर पांढरट-करडा थर, ही या गावांची जुनी तक्रार आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नांदगावला भेट देऊन तिथल्या तलावात राख टाकणे थांबवायला सांगितले. त्याच वर्षी १६ जुलैला भर पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा तलावाचा बांध फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत आणि नाल्यांत शिरला. त्याआधी, २०२१ साली, मंथन अध्ययन केंद्र, नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर या संस्थांनी या दोन केंद्रांच्या परिसरातले पाणी तपासून अहवाल काढला होता. त्यात अनेक ठिकाणी जड धातू मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते.

राखेतला बहुतांश भाग सिलिका, अॅल्युमिना आणि लोहाच्या ऑक्साइडचा असतो. त्यात विशेष विषारी काही नाही असे कधी कधी सांगितले जाते. यात अर्धेच सत्य आहे. भट्टीच्या उष्णतेत कोळशातले आर्सेनिक, शिसे, सेलेनियम, कॅडमियम असे धातू वाफ होऊन निघतात. वायू थंड होऊ लागला की गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून पाणी जमावे तशी ही वाफ राखेच्या कणांवर जमते. कण जितका बारीक, तितके त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठफळ मोठे, म्हणून त्यावर धातूही जास्त. १९७४ साली नॅटश, वॉलेस आणि इव्हान्स या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात हे दाखवून दिले. जे कण फुफ्फुसात सर्वांत खोल जाऊ शकतात, त्यांच्यावरच विषारी धातूंचा थर सर्वांत दाट असतो. शिवाय हे धातू कणाच्या पृष्ठभागावर असल्याने ओलाव्यात आणि शरीरातल्या रसांत सहज सुटतात. म्हणून राखेच्या ढिगाचा सरासरी नमुना तपासून समाधान मानणे पुरेसे नाही. घराच्या फळीवर येऊन बसलेली राख ढिगातल्या राखेपेक्षा बारीक असते, आणि तपासायला हवी ती हीच.

नागपूरच्या घरांना या धुळीचे आणखी एक दार आहे, आणि ते मार्च ते जून सताड उघडे असते. ते दार म्हणजे कूलर. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या शहरात कूलर ही गरज आहे, त्यावाचून जगणे कठीण. पण वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा फिरवते, तर कूलर खिडकीबाहेरची कोरडी हवा ओढून खोलीत लोटतो. म्हणजे रस्त्याची, बांधकामाची, राखेची हवा तासन्‌तास घरात येत राहते. वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ओल्या ताट्या जाड धूळ अडवतात. टाकीच्या तळाशी जमणारा गाळ त्याची साक्ष देतोच. अतिसूक्ष्म कण मात्र त्यातून बऱ्याच प्रमाणात पार होतात. ताट्या दर हंगामाला बदलणे, टाकीतला गाळ कोरडा होऊ न देता धुऊन काढणे आणि कूलर शक्यतो रस्त्याकडच्या खिडकीत न बसवणे एवढे तरी करता येते. भारतीय संशोधकांनी हा विषय हाती घ्यायला हवा. परदेशातल्या गालिच्यांच्या बंद घरांवरून नागपूरच्या उन्हाळ्यातल्या घराचा अंदाज बांधता येत नाही.

त्या परदेशी घरांनी एक वेगळी गोष्ट मात्र शिकवली. २००३ साली अमेरिकेतल्या केप कॉड भागातल्या १२० घरांची हवा आणि धूळ तपासली गेली, तेव्हा एकट्या धुळीत ६६ प्रकारची संप्रेरकांत ढवळाढवळ करू शकणारी रसायने सापडली. त्यांत कीटकनाशके होती, प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट होती, आग लागू नये म्हणून फोममध्ये आणि टीव्हीच्या आवरणात घातलेली ब्रोमीनची संयुगे होती. डीडीटी तर त्या देशात १९७२ सालीच बंद झाले होते. तीस वर्षांनंतरही ते धुळीत होते.

ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांची बातमी माणसांआधी मांजरांनी दिली असे म्हणायला हरकत नाही. १९७९ पासून अमेरिकेत पाळीव मांजरांत थायरॉइडचा एक विकार वेगाने दिसू लागला, जो पूर्वी जवळजवळ माहीत नव्हता. २००७ साली संशोधकांनी मांजरांचे रक्त तपासले, तेव्हा त्यात ही संयुगे अमेरिकी माणसाच्या रक्तातल्या प्रमाणाच्या वीस ते शंभर पट निघाली. मांजर गादीवर, सोफ्यावर लोळते आणि दिवसभर अंग चाटून स्वच्छ करते. अंगावरची धूळ तिच्या पोटात जाते. विकाराचे एकमेव कारण हेच असे त्यातून सिद्ध होत नाही, पण धूळ पोटात जाण्याची वाट स्पष्ट दिसते, आणि ती रांगणाऱ्या मुलाच्या वाटेशी जुळते. २००४ साली स्वीडनमधल्या मुलांच्या अभ्यासात खोलीतल्या धुळीतले थॅलेट आणि दमा-त्वचाविकार यांचाही संबंध आढळला. तिथे थॅलेटचा एक स्रोत होता पीव्हीसीची फरशी, जी आता आपल्याकडेही स्वस्त चटईच्या रूपाने घरोघर आली आहे.

भारताने या आघाडीवर काही पावले उचलली आहेत. २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी नव्या उपकरणांतल्या अशा संयुगांवर मर्यादा घातली. २०१८ साली केंद्र सरकारने टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांपैकी सात रसायनांवर बंदी आणली, त्यांत जुनी ब्रोमीनयुक्त अग्निरोधके आहेत. परंतु जुना टीव्ही, जुन्या सोफ्याचा कुरतडलेला फोम, फुटलेल्या संगणकाचा सांगाडा आपल्याकडे लगेच टाकून देत नाहीत. काटकसर हा गुणच आहे. फक्त भुगा होऊ लागलेला फोम मुलांच्या खोलीत ठेवण्यात काटकसर नाही.

कामाच्या कपड्यांवरून घरी येणारी धूळ हा आणखी एक दुर्लक्षित मार्ग. लंडनमध्ये १९६५ साली न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी मेसोथेलिओमा या दुर्मीळ कर्करोगाच्या ७६ रुग्णांचा माग काढला. त्यांतल्या नऊ जणांनी अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात कधीच काम केले नव्हते. त्यांच्या घरचे माणूस तिथे कामाला होते. पुष्कळदा ते कपडे धुणारी घरची बाई रुग्ण होती. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत, बॅटरी दुरुस्तीच्या टपऱ्यांत, वेल्डिंगच्या आणि रंगकामाच्या धंद्यात राबणारे हजारो जण रोज संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी येतात आणि मूल धावत येऊन त्यांच्या कमरेला मिठी मारते. बाप आधी हातपाय धुतो, कपडे बदलतो आणि मग मुलाला उचलून घेतो, एवढ्या क्रमाने फार फरक पडतो. कपडे झटकू नयेत, घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. कारखान्यात कपडे बदलायला खोली आणि अंघोळीला पाणी मिळणे हा कामगाराचा हक्क आहे. तो न देणाऱ्या मालकाने आपल्या कारखान्याची धूळ कामगाराच्या घरी पाठवली असेच म्हणायला हवे.

आता मोजमापाचा प्रश्न. नागपूर हे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे, म्हणजे 'नीरी'चे गाव. १९५८ सालापासून ही संस्था इथे आहे. मुलांच्या रक्तातल्या शिशाचा शहराच्या पातळीवरचा एक महत्त्वाचा अभ्यासही याच शहरातून आला. तरीही हवेची मापन यंत्रे चौकात आणि गच्चीवर उभी आहेत, उंबऱ्याच्या आत काय आहे ते नियमाने कुणी मोजत नाही. अमेरिकेने २००१ साली घराच्या फरशीवरच्या धुळीतल्या शिशाची मर्यादा दर चौरस फुटाला ४० मायक्रोग्रॅम ठरवली, २०१९ साली ती १० वर आणली, आणि २०२४ साली तर प्रयोगशाळेला मोजता येईल एवढे शिसे सापडले तरी घर धोक्याचे धरायचे ठरवले. मुलांच्या रक्तासाठीची त्यांची रेषा १० वरून ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आली. भारतात घरातल्या धुळीसाठी अशी मर्यादाच नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० सालच्या अहवालाच्या अंदाजानुसार रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे असलेली भारतातली मुले साडेसत्तावीस कोटी आहेत. इतका मोठा प्रश्न आणि त्याचे घरातले माप घेण्याची सोय नाही, ही स्थिती समर्थनीय नाही. कोराडी-खापरखेड्याच्या गावांतल्या अंगणवाड्या, रिंग रोडलगतच्या वस्त्या आणि जुन्या नागपुरातले वाडे यांच्या फरशीवरची धूळ ओल्या कापडाने पुसून तपासणे फार खर्चाचे काम नाही. संस्था आहेत, माणसे आहेत. महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी ठरवले तर एका उन्हाळ्यात चित्र समोर येईल.

तोवर घरात करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला पैसा लागत नाही. कोरड्या झाडूने बारीक धूळ जागची उठते आणि तासभर हवेत राहते. म्हणून झाडण्याआधी हलका शिपका मारावा, नाहीतर थेट ओला पोछा करावा. पोछ्याचे पाणी अंगणात न फेकता मोरीत ओतावे. खिडकीच्या खाचा ओल्या फडक्याने पुसाव्यात. चपला दाराबाहेर काढण्याची आपली जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्यांनी ती सोडू नये. मुलाचे हात जेवणाआधी आणि झोपण्याआधी साबणाने धुवावेत. पालेभाजी, हरभरा, तीळ, दूध आणि लिंबू मुलाच्या ताटात नियमाने असेल तर आतडे शिसे कमी घेते.

आणि घर रंगवायला काढताना विशेष सांभाळावे. दसरा-दिवाळीच्या आधी घरोघर जुना रंग खरवडला जातो. सगळ्या वर्षात सर्वांत विषारी धूळ बहुधा याच चार दिवसांत होते. रंगाऱ्याला कोरडा घासकागद वापरू देऊ नका, वॉटर पेपरने ओले घासायला सांगा. जुना ऑइल पेंट जाळून काढू देऊ नका. काम चालू असेल त्या खोलीत गरोदर बाई आणि लहान मूल थांबू देऊ नका, जमल्यास त्यांना त्या दिवसांत आजोळी पाठवा. पडलेली खपली कागदावर गोळा करून बांधून टाका, खोली दोनदा ओली पुसा आणि मगच मुलाला आत येऊ द्या. रंगाऱ्याच्या तोंडालाही चांगला मास्क द्या, तो दर दिवाळीला अशी कितीतरी घरे घासतो. नवा डबा घेताना त्यावर शिशाचे प्रमाण ९० भागांच्या आत असल्याचे छापले आहे का ते वाचा, आणि नसेल तर तो डबा दुकानदाराला परत करा.